यादीतले नऊ आणि यादीबाहेरचा अग्नी

लिथुआनियात कुठला धर्म परंपरेनं आपला आणि कुठला नाही, हे संसदेनं कायदा करून ठरवून टाकलं आहे. ४ ऑक्टोबर १९९५ च्या धर्मसमाजविषयक कायद्यातलं पाचवं कलम काढलं की नऊ नावं ओळीनं येतात: रोमन कॅथलिक, ग्रीक कॅथलिक, इव्हँजेलिकल लुथरन, इव्हँजेलिकल रिफॉर्म्ड, रशियन ऑर्थोडॉक्स, ओल्ड बिलीव्हर्स, ज्यू, सुन्नी मुस्लिम आणि कराइम. देशाच्या ऐतिहासिक, आध्यात्मिक आणि सामाजिक वारशाचा भाग असलेले हे 'पारंपरिक' धर्मसमाज, असं कायदा म्हणतो.

पहिली सात नावं पूर्व युरोपात कुठंही सापडली असती. आठव्या नावाशी मी थबकलो. बाल्टिक समुद्राकाठच्या देशात सुन्नी मुस्लिम आणि तेही पारंपरिक? नववं नाव तर मी तोवर ऐकलंही नव्हतं. एरवी प्रवासाला निघताना मार्गदर्शक पुस्तक बरोबर असतं. या वेळी हे कलमच उतरवून घेतलं आणि त्यातला एकेक समाज शोधत फिरायचं ठरवलं.

देश तसा लहान. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं, लोकसंख्या २८ लाखांच्या आसपास. २०२१ च्या जनगणनेत ७४ टक्के लोकांनी स्वतःला रोमन कॅथलिक म्हटलं होतं. असं असूनही संविधान सांगतं की राज्याचा अधिकृत धर्म नाही. मात्र त्याच संविधानाच्या ४३ व्या कलमानुसार राज्य पारंपरिक चर्चना आणि धर्मसंस्थांना मान्यता देतं. इतरांना मान्यता हवी असेल तर त्यांना समाजाचा आधार हवा आणि त्यांची शिकवण कायद्याच्या व नीतीच्या आड येता कामा नये. अधिकृत धर्म नाही, पण मान्यताप्राप्त धर्म आहेत, अशी ही व्यवस्था आहे.

व्हिल्नियसच्या जुन्या शहरात यादीतली निम्म्याहून अधिक नावं पायी फिरून पाहता येतात. सुरुवात करावी 'पहाटेच्या दरवाजा'पासून. शहराच्या जुन्या तटबंदीतली ही एकमेव उरलेली वेस. वेशीच्या माथ्यावर छोटं प्रार्थनाघर आहे आणि त्यात सोनेरी-रुपेरी पत्र्यानं मढवलेलं मेरीचं चित्र. चित्र रस्त्यावरून दिसतं. बाजाराची पिशवी घेऊन घाईनं निघालेल्या बायका वेशीखाली क्षणभर थांबतात, वर बघून छातीवर क्रूस करतात आणि पुढं चालू लागतात. वेस ओलांडून दोन-चार मिनिटं चाललं की उजव्या हाताला पवित्र आत्म्याचं ऑर्थोडॉक्स चर्च लागतं. त्याच्या जवळच, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, नक्षीदार कमानीतून आत गेलं की ग्रीक कॅथलिकांचं पवित्र त्रयीचं चर्च. हे लोक पूजा करतात पूर्वेच्या रीतीनं, पण मानतात रोमच्या पोपला.

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये वेदीपुढं काचेच्या पेटीत तीन हुतात्म्यांचे देह ठेवलेले आहेत: अँथनी, जॉन आणि युस्टेथियस. चेहरे झाकलेले असतात, वर्षातला बराच काळ अंगावर लाल वस्त्रं असतात, उपवासाच्या काळात काळी आणि नाताळात पांढरी. चौदाव्या शतकात, १३४७ च्या सुमारास, ग्रँड ड्यूक अल्गिर्दासनं या तिघांना ठार केलं असं परंपरा सांगते. अल्गिर्दास ख्रिस्ती नव्हता. तो विजेच्या आणि अग्नीच्या देवांना मानणाऱ्या घराण्यातला. लिथुआनियाची गोष्ट समजून घेताना हे विसरून चालत नाही. युरोपभर ख्रिस्ती राज्यं स्थिरावून शतकं लोटली तरी हा देश जुन्या देवांना धरून होता. राजा मिंदाउगासनं १२५१ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तो टिकला नाही. पोलंडची गादी मिळवण्यासाठी ग्रँड ड्यूक योगाइला ख्रिस्ती झाला आणि १३८७ मध्ये त्यानं देशालाही ख्रिस्ती केलं. पश्चिमेकडच्या झेमाइतिया प्रांताचा बाप्तिस्मा व्हायला तर १४१३ उजाडलं. युरोपातला हा सगळ्यात शेवटचा मुलूख.

पण तेव्हाच्या लिथुआनियाच्या ग्रँड डचीत आजचे बेलारूस आणि युक्रेनचा मोठा भागही होता. तिथली प्रजा आधीपासून ऑर्थोडॉक्स. सत्ताधारी थोडे, प्रजा अफाट आणि भिन्न धर्मांची. त्यामुळं इथल्या राज्यकर्त्यांना बाहेरच्यांशी जमवून घेण्याची सवय लागली, आणि गरजेपोटी त्यांना बोलावून वसवण्याचीसुद्धा. यादीतली शेवटची दोन नावं त्या सवयीतून आलेली आहेत.

त्याआधी शहरातल्या उरलेल्या इमारतींकडे वळतो, कारण १९९५ मध्ये कायद्याची गरज का पडली ते याच इमारती सांगतात. जर्मन रस्त्यावरच्या लुथरन चर्चमध्ये सोव्हिएत काळात मुलं बास्केटबॉल खेळत. पिलिमो रस्त्यावर रोमन देवळासारखे खांब असलेलं रिफॉर्म्ड चर्च आहे. त्याचं तेव्हा सिनेमागृह झालं होतं. सेंट कॅसिमिर चर्चमध्ये निरीश्वरवादाचं संग्रहालय भरवलं होतं. खुद्द कॅथेड्रल चित्रांचं कलादालन झालं. ज्या देशात चाळीस-पन्नास वर्षं सरकारनं देव मोडीत काढायचा प्रयत्न केला, तिथं ११ मार्च १९९० ला पुन्हा स्वातंत्र्य जाहीर झाल्यावर सरकारपुढं प्रश्न होता तो देणं फेडण्याचा. जप्त केलेल्या वास्तू कोणाला परत करायच्या? शाळेत धर्म शिकवायचा तर कोणाचा? पाद्र्यानं लावलेलं लग्न सरकारी दप्तरी कायदेशीर धरायचं का? उत्तरं हवी असतील तर आधी ही माणसं कोण, हे ठरवणं भाग होतं.

पिलिमो रस्त्यावरच कोरल सिनेगॉग आहे, १९०३ साली बांधलेलं. दुसऱ्या महायुद्धापूर्वी या शहरात शंभरावर सिनेगॉग आणि प्रार्थनाघरं होती. अठराव्या शतकातले थोर तालमूद-पंडित एलिया बेन सॉलोमन, म्हणजे 'व्हिल्नाचे गाओन', इथलेच. शहराला उत्तरेचं जेरुसलेम म्हणत ते त्यांच्यासारख्यांमुळं. आज शहरात चालू असलेलं सिनेगॉग हे एवढंच. शहराबाहेर पानेरियाय नावाचं जंगल आहे. नाझींनी आणि त्यांच्या स्थानिक हस्तकांनी तिथं सुमारे ७० हजार ज्यूंना गोळ्या घालून खड्ड्यांत पुरलं. देशातल्या ज्यूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मारले गेले. युद्धात पडझड झालेलं मोठं सिनेगॉग सोव्हिएत सरकारनं पुढं जमीनदोस्त केलं. २०११ च्या जनगणनेत ज्यू धर्म सांगणारे १,२२९ जण निघाले. कायद्यानं दिलेला 'पारंपरिक' हा दर्जा त्यांच्या बाबतीत जिवंत समाजापेक्षा नष्ट झालेल्या समाजाला दिलेल्या कबुलीसारखा वाटतो.

यादीतलं नववं नाव, कराइम, शोधायला त्राकायला गेलो. ते व्हिल्नियसपासून २८ किलोमीटरवर आहे. रेल्वेनं अर्धा तास. स्टेशनवरून चालत गेलं की दोन्हीकडे तळी लागतात आणि पुढं गाल्वे तळ्यातल्या बेटावर लाल विटांचा किल्ला दिसतो. सगळे पर्यटक त्या किल्ल्याकडे धावतात. मला त्याच्या अलीकडची कराइमू गल्ली पाहायची होती. एकमजली लाकडी घरं, पिवळी, हिरवी, तपकिरी. घरांची लांब बाजू रस्त्याला काटकोनात आणि तोंडाची चिंचोळी भिंत रस्त्याकडे. त्या प्रत्येक भिंतीत तीन खिडक्या, मोजून तीन. एक देवासाठी, एक ग्रँड ड्यूक व्हीताउतससाठी आणि एक घरच्यांसाठी, असं इथं सांगतात. कुणी तिसरी खिडकी पाहुण्यांची म्हणतं. मात्र व्हीताउतसची खिडकी कुणीही सोडत नाही.

व्हीताउतस हा योगाइलाचा चुलतभाऊ आणि लिथुआनियाचा सगळ्यात पराक्रमी राज्यकर्ता. काळ्या समुद्राच्या बाजूला मोहीम काढून तो परतला तेव्हा, १३९७-९८ च्या सुमारास, क्रिमियातून त्यानं काही शे कराइम कुटुंबं आणून त्राकायला वसवली. त्यांच्याकडं किल्ल्याची राखण आणि ग्रँड ड्यूकची चाकरी आली. १४४१ मध्ये त्यांना माग्देबुर्ग सनद मिळाली. त्यामुळं आपल्या वस्तीचा कारभार आणि न्यायनिवाडा ते स्वतः करू लागले. राज्यानं एका धर्मसमाजाला दिलेल्या मान्यतेचा हा कागद कोलंबस अमेरिकेला पोचण्याच्या अर्धशतक आधीचा आहे.

हे लोक भाषेनं तुर्की कुळातले आणि धर्माचा मूळ ग्रंथ हिब्रू बायबल. तालमूद ते मानत नाहीत. मूळ ग्रंथ पुरे, नंतरच्या पंडितांचं भाष्य बंधनकारक नाही, अशी त्यांची भूमिका. त्यांच्या प्रार्थनास्थळाला केनेसा म्हणतात. गल्लीतली केनेसा लाकडी आहे, चौरस आणि ठेंगणी. बाहेरून पाहिली तर एखाद्या सधन शेतकऱ्याचं घर वाटावं. आत पुरुष खाली बसतात, बायकांसाठी वर सज्जा. शेजारच्या संग्रहालयात क्रिमियातली जुनी शस्त्रं, दागिने, लग्नाचे पोशाख मांडलेले आहेत. संग्रहालयाला नाव आहे सेराया शापशाल यांचं. ते कराइमांचे धर्मप्रमुख आणि पौर्वात्य विद्येचे अभ्यासक होते.

कराइम ज्यू आहेत की नाहीत, या प्रश्नावर एकदा त्यांचा जीव टांगणीला लागला होता. जानेवारी १९३९ मध्ये बर्लिनच्या वंशावळ कार्यालयानं निर्णय दिला की कराइमांना ज्यू धर्मसमाजाचा भाग समजू नये. नंतर नाझी लिथुआनियात शिरले तेव्हा या निर्णयामुळं त्राकायचे कराइम वाचले. पंधरा-वीस किलोमीटरवर पानेरियायचे खड्डे भरत होते. सरकारी कागदावर धर्माच्या रकान्यात काय लिहिलंय याचा अर्थ कुठवर जाऊ शकतो, हे या गल्लीत उभं राहिल्यावर नीट कळतं.

दुपारी कोपऱ्यावरच्या खानावळीत किबिनाय खाल्ला. खिमा न म्हणता बारीक कापलेलं मटण म्हणावं असं सारण, भरपूर कांदा, वरून यीस्टच्या कणकेचं आवरण. आकार हुबेहूब करंजीचा, आणि कडेला मुरडही तशीच घातलेली. बरोबर पेल्यातून गरम सूप. वाढणाऱ्या बाईंना विचारलं, तुम्ही कराइम का? त्या हसून म्हणाल्या, "नाही, मी इथली कॅथलिक. पण किबिनाय करायला आमच्या आज्या त्यांच्याच घरी शिकल्या." २०११ च्या जनगणनेत देशभरात कराइम धर्म सांगणारे ३१० होते, आणि तेव्हापासून आकडा घटतोच आहे. त्यांचा पदार्थ मात्र आता देशभर मिळतो.

त्या गल्लीत कोकणातल्या बेने इस्रायलींची आठवण येणं साहजिक होतं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून अलिबाग-रेवदंड्याकडं ज्यांना 'शनवार तेली' म्हणत, त्या समाजाला शतकानुशतकं शेजाऱ्यांनी ओळखलं. महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये, तोवर बरेचसे इस्रायलला निघून गेले होते. शेजाऱ्यांची ओळख आणि सरकारची ओळख एकाच वेळी येतात असं नाही, एवढं दोन्ही ठिकाणी सारखं.

यादीतलं आठवं नाव शोधायला व्हिल्नियसच्या नैर्ऋत्येला पंधरा-वीस किलोमीटरवरच्या एका खेड्यात गेलो. गावाचं नाव केतुरियासदेशिम्त तोतोरिउ, म्हणजे चाळीस तातार. दंतकथा अशी की व्हीताउतसनं एका तातार सरदाराला इथं जमीन दिली. त्याला चार बायका आणि प्रत्येकीला दहा मुलगे. गावात भातशेतीसारखी सपाट हिरवी कुरणं, सफरचंदाची झाडं आणि मध्ये १८१५ ची लाकडी मशीद. मनोरा नाही म्हणण्याइतका छोटा, छपराच्या मधोमध एक टोपीसारखा भाग आणि त्यावर चंद्रकोर. चंद्रकोर दिसली नसती तर मी ती एखादी जुनी शाळा समजून पुढं गेलो असतो. भोवती पाइनच्या झाडांखाली कबरस्तान. जुने दगड बुटके, ओबडधोबड, अर्धे मातीत गेलेले आणि शेवाळलेले. नव्या दगडांवर चंद्रकोर आहे, नावं पोलिश वळणाची आहेत, आणि काहींवर मृताचा फोटोही आहे.

तातार आले तेही व्हीताउतसच्याच काळात, सैनिक म्हणून. १४१० च्या ग्रुनवाल्डच्या लढाईत ट्युटॉनिक सरदारांविरुद्ध ते त्याच्या बाजूनं लढले. ट्युटॉनिक सरदार म्हणजे क्रूस खांद्यावर घेऊन आलेले धर्मयोद्धे, आणि त्यांना हरवायला ख्रिस्ती ग्रँड ड्यूकच्या फौजेत मुसलमान घोडेस्वार. दोन-तीनशे वर्षांत तातार आपली तुर्की भाषा विसरले आणि बेलारूसी व पोलिश बोलू लागले. लिपी मात्र अरबीच ठेवली. त्यांच्या 'किताब' नावाच्या हस्तलिखितांत अरबी अक्षरांत बेलारूसी मजकूर आहे. देशाच्या दक्षिणेला राइझाय गावातल्या मशिदीत १६८६ चा मिंबर म्हणजे प्रवचनाचा मंच आहे, आणि कौनासमध्ये विटांची मशीद आहे. व्हीताउतसच्या मृत्यूला ५०० वर्षं झाली त्या निमित्तानं १९३० च्या दशकाच्या आरंभी ती बांधली गेली. एका ख्रिस्ती राजाच्या स्मरणार्थ मशीद, हा प्रकार युरोपात दुसरीकडं कुठं पाहायला मिळाला नाही. राजधानीत मात्र आज मशीद नाही. लुकिश्केस भागातली जुनी लाकडी मशीद सोव्हिएत सत्तेनं १९६८ मध्ये पाडली.

दोन्ही नावांमागची गोष्ट पाहिल्यावर कायद्याचं तर्कशास्त्र उलगडलं. यादी संख्येवर बेतलेली नाही. २०११ मध्ये सुन्नी मुस्लिम २,७२७, ग्रीक कॅथलिक ७०६, कराइम ३१०. निकष आहे इतिहासाचा: ग्रँड डचीच्या काळापासून तुम्ही इथं आहात का? व्हिल्नियसच्या स्टेशनापलीकडं नाउयिनिंकाय भागात ओल्ड बिलीव्हर्सचं चर्च आहे. रशियातल्या धर्मप्रमुख निकोननं सतराव्या शतकात पूजाविधी बदलले. ते न मानता दोनच बोटांनी क्रूस करत राहिलेले लोक छळ टाळायला सीमा ओलांडून लिथुआनियात आले. त्यांचंही नाव त्याच न्यायानं यादीत आलं. जुन्या राज्यानं ज्यांना आसरा दिला, त्यांची नोंद नव्या राज्यानं कायद्यात केली.

आता ही व्यवस्था चालते कशी ते थोडक्यात. पायऱ्या तीन. पंधरा प्रौढ सभासद जमवले की धर्मसमाज म्हणून नोंदणी करता येते. त्यानं कायदेशीर अस्तित्व मिळतं, बँकेत खातं उघडता येतं, वास्तू विकत घेता येते. वरची पायरी 'राज्यमान्य' धर्मसमाजाची. त्यासाठी पहिल्या नोंदणीला पंचवीस वर्षं झालेली हवीत. न्याय मंत्रालय कागदपत्रं तपासून अभिप्राय देतं आणि अंतिम निर्णय सेइमास म्हणजे संसद मतदानानं घेते. नकार मिळाला तर पुन्हा अर्ज करायला दहा वर्षं थांबायचं. सगळ्यात वर पारंपरिक नऊ. ही पायरी चढून जाण्याजोगी नाही, कारण तिथं वाढ होत नाही.

राज्यमान्यतेनं काय मिळतं? धर्मगुरूनं लावलेलं लग्न सरकारदरबारी नोंदलं जातं, वेगळं नोंदणी कार्यालयात जावं लागत नाही. सरकारी शाळेत धर्मशिक्षणाचा तास घेता येतो. राष्ट्रीय रेडिओ-दूरचित्रवाणीवर प्रार्थनेला वेळ मिळतो. नऊ पारंपरिकांना यावर सरकारी तिजोरीतून दरवर्षी अनुदानही मिळतं. बाप्टिस्टांना राज्यमान्यता मिळाली २००१ मध्ये, सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्टांना २००८ मध्ये. नंतर पेंटेकोस्टल आणि न्यू अपोस्टोलिक चर्चचा नंबर लागला. ही सगळी मंडळी ख्रिस्तीच. या रांगेत उभं राहून परत पाठवला गेला तो समाज मात्र वेगळा होता, आणि त्याच्यासाठी मी केर्नावेला गेलो.

केर्नावे व्हिल्नियसपासून ३५ किलोमीटरवर, नेरिस नदीच्या वळणाशी. गवताळ उतारांच्या पाच टेकड्या रांगेनं उभ्या आहेत. या मातीच्या टेकड्यांवर मध्ययुगात लाकडी कोट होते आणि खालच्या खोऱ्यात कारागिरांचं गाव होतं. २००४ पासून हे ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. २३ जूनला संध्याकाळी इथं रासोस साजरा होतो, उन्हाळी अयनाचा सण. दुसऱ्या दिवशी सरकारी सुट्टी असते. दिनदर्शिकेत ती रासोस आणि सेंट जॉन अशा दोन्ही नावांनी आहे, पण टेकडीवर जमलेल्यांना सेंट जॉनशी कर्तव्य नव्हतं.

रात्री दहा वाजायला आले तरी उजेड होता. बायकांच्या डोक्यावर रानफुलांचे मुकुट, पुरुषांच्या ओकच्या पानांचे. दगडांच्या गोल वेदीत अग्नी पेटवला होता. पांढऱ्या तागाचा झगा घातलेल्या एका वयस्क बाईंनी आधी अग्नीत मीठ टाकलं, मग पाव, धान्य आणि औषधी पाल्याच्या जुड्या. मीठ तडतडलं की गाणाऱ्या बायकांचा आवाज चढे. गाणं दोन गटांत होतं. एक गट ओळ सुरू करी आणि ती संपायच्या आत दुसरा गट वेगळ्या सुरात तिच्यावर चढे. स्वर एकमेकांना घासत जात होते, जुळत नव्हते, आणि जुळायचे नव्हतेच. या गायनप्रकाराला सुतार्तिनेस म्हणतात आणि २०१० पासून तो युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. सूर्य मावळल्यावर मेणबत्त्या लावलेले पुष्पमुकुट नदीत सोडले गेले. तरुण जोड्या हात धरून आगीवरून उड्या मारत होत्या. पहाटे पावणेपाचच्या सुमारास सूर्य वर आला तेव्हा टेकडीवर जागे असलेले लोक दवानं ओल्या गवतात हात फिरवून तोंड धुत होते.

हा विधी करणाऱ्या समाजाचं नाव रोमुवा. पेरकूनास हा मेघगर्जनेचा देव, झेमिना ही भूमी, गाबिया ही अग्निदेवता. आपण लिथुआनियाचा ख्रिस्तपूर्व धर्म पाळतो असं ते म्हणतात. त्यांची संघटना मात्र विसाव्या शतकातली. १९६७ च्या उन्हाळ्यात व्हिल्नियसच्या काही तरुणांनी इथंच केर्नावेला रासोस साजरा केला. त्यांच्यातले पुढारी योनास त्रिंकूनास हे भारताविषयी आस्था असलेल्या मित्रमंडळातून आले होते. लोकगीतांच्या नावाखाली गावोगाव फिरून गाणी आणि चालीरीती गोळा करण्याचं काम सुरू झालं. सोव्हिएत सत्तेला यात राष्ट्रवादाचा वास आला. १९७१ मध्ये मंडळ बंद पाडलं गेलं आणि १९७३ मध्ये त्रिंकूनास यांची विद्यापीठातली नोकरी गेली. १९८८ मध्ये चळवळीनं पुन्हा डोकं वर काढलं. १९९२ मध्ये धर्मसमाज म्हणून नोंदणी झाली. २००२ मध्ये त्रिंकूनास 'क्रिविस' म्हणजे प्रमुख पुरोहित झाले. २०१४ मध्ये ते वारल्यावर ती जबाबदारी त्यांच्या पत्नी इनिया त्रिंकूनियेने यांच्याकडे आली.

नोंदणीला पंचवीस वर्षं होताच, २०१७ मध्ये, रोमुवानं राज्यमान्यतेसाठी अर्ज केला. न्याय मंत्रालयाचा अभिप्राय अनुकूल आला. जून २०१९ मध्ये प्रस्ताव संसदेत मतदानाला आला आणि पडला. मतदानापूर्वी कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं खासदारांना पत्र लिहून विरोध कळवला होता. हा धर्मच नव्हे, ही लोकसंस्कृतीची हौस आहे, असं काही जण म्हणाले. कुणाला ख्रिस्ती देशाच्या ओळखीला धक्का लागतो असं वाटलं.

रोमुवा स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेलं. ८ जून २०२१ रोजी निकाल लागला: धर्मस्वातंत्र्याच्या बाबतीत भेदभाव झाला आणि दाद मागायला देशात परिणामकारक मार्गही नव्हता. रोमुवा खरा धर्म आहे की नाही, तो किती जुना आहे, हे न्यायालयानं ठरवलं नाही. त्याचं म्हणणं एवढंच होतं की अशा स्थितीतल्या इतर समाजांना दिलं ते यांना का नाही, याचं वस्तुनिष्ठ कारण राज्यानं दिलेलं नाही आणि निर्णय घेणारे खासदार तटस्थ राहिले नाहीत. निकालानंतरही गाडं लगेच हललं नाही. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सेइमासनं रोमुवाला राज्यमान्यता दिली.

विरोधकांची एक बाजू मला अजिबात फोल वाटत नाही. अल्गिर्दासच्या काळातला अग्नी आणि केर्नावेच्या टेकडीवरचा अग्नी यांच्यामध्ये सहाशे वर्षांची तूट आहे. जुन्या धर्माचे ग्रंथ नाहीत, पुरोहितांची अखंड परंपरा नाही. जे आहे ते गाण्यांत, सणांत, शेतकऱ्यांच्या सवयींत उरलेलं, आणि बाकीचं अभ्यासकांनी जुळवलेलं. पण तूट का पडली, हाही प्रश्न आहेच. जुनं देवस्थान मोडलं कुणी, ओकचे राखीव वृक्ष तोडले कुणी, हे या देशाच्या इतिहासात लिहिलेलं आहे. परंपरा अखंड राहिली हाच निकष धरला, तर ज्याची परंपरा बळानं तोडली त्यालाच ती तुटल्याचा दंड बसतो. कराइमांना आणि तातारांना राजानं सनद देऊन जपलं, त्यांची परंपरा टिकली आणि कायद्यात त्यांची नावं आपोआप आली. आधीपासून घरात असलेल्याला कुणी सनद दिली नव्हती.

संख्येच्या बाजूनं पाहिलं तर चित्र आणखी विचित्र दिसतं. २००१ च्या जनगणनेत प्राचीन बाल्टिक धर्म सांगणारे १,२७० होते, २०११ मध्ये ५,११८. त्या वर्षी ग्रीक कॅथलिक, ज्यू आणि कराइम या तीन पारंपरिक समाजांची बेरीज केली तरी ती याच्या निम्म्यानंही भरत नव्हती.

राज्यमान्यतेमुळं रोमुवाच्या अग्नीसमोर लागलेलं लग्न आता सरकारी दप्तरात चढू शकतं. यादीत मात्र नावं नऊच राहिली आहेत. रोमुवाला मिळालेली पायरी मधली आहे, बाप्टिस्ट, ॲडव्हेंटिस्ट आणि पेंटेकोस्टल यांच्या शेजारची. म्हणजे लिथुआनियाच्या कायद्यानुसार क्रिमियातून आलेले कराइम पारंपरिक, रशियातून पळून आलेले ओल्ड बिलीव्हर्स पारंपरिक, जर्मनीतून आलेला लुथरचा पंथ पारंपरिक. आणि हे सगळे येण्याआधी इथल्या देवराईंत ज्या देवांची पूजा होत होती, त्यांना मानणारे लोक राज्यमान्य आहेत, पारंपरिक नाहीत.